घरच्या डिश-अँटेनाची दिशा, उंची आणि निगा

आषाढाच्या प्रारंभी घाटमाथ्यावर भाताची लावणी ऐन भरात असते आणि खाली देशावर बाजरी-सोयाबीनची पेरणी उरकण्याची घाई असते. पुढील तीन-चार दिवसांत पाऊस उघडीप देणार की धरून राहणार, हे याच वेळी शेतकऱ्यास जाणून घ्यावयाचे असते. आणि नेमक्या त्याच वेळी दूरदर्शन-संचावरील चित्राचे चौकोनी तुकडे होऊ लागतात, आवाज तुटतो आणि थोड्याच वेळात ‘सिग्नल नाही’ अशी पाटी पडद्यावर येते. घरातील माणसे प्रथम बॉक्सवर चापटी मारतात, मग केबल हलवितात आणि अखेरीस तालुक्याच्या गावच्या कारागिरास निरोप जातो. कारागीर तिसऱ्या दिवशी येतो. तोपर्यंत आभाळ निवळलेले असते. तो डिश किंचित इकडची तिकडे करतो, चित्र दिसू लागते, तो आपली मजुरी घेऊन जातो. पुढच्या जोराच्या सरीला पुन्हा तोच प्रकार.

या सर्व खटाटोपात दोष पावसाच्या माथी मारला जातो. तो काही अंशी खराही आहे, तथापि पूर्ण खरा नव्हे. योग्य रीतीने लावलेल्या डिशवर अत्यंत मुसळधार सरीच्या वेळी काही मिनिटे चित्र जाणे क्षम्य आहे. परंतु साध्या पावसात तासन् तास चित्र जात असेल, तर ती डिश मुळात जेमतेम लागलेली आहे असे समजावे. उघड्या आभाळात तिचे काम भागते एवढेच. ज्याप्रमाणे विहिरीत हातभर पाणी शिल्लक असता पंप चालतो पण थोडी पातळी खाली जाताच हवा ओढू लागतो, त्याप्रमाणेच हे आहे. ही शिल्लक वाढविणे हाच सुधारणेचा खरा विषय असून त्यासाठी बहुधा नवीन सामान विकत घ्यावे लागत नाही. एक होकायंत्र, शाळेतील मुलाचा कोनमापक, गवंड्याचा ओळंबा, दोन पाने आणि अर्धा दिवस एवढ्यावर हे काम होते. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ते एकदा ग्रामपंचायतीच्या संचावर करून दाखविल्यास गावातील दोन तरुण ते सहज उचलतात.

जुन्या एरिअलपासून डिशपर्यंत

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतर अनेक वर्षे चित्र जमिनीवरील मनोऱ्यांवरून येई आणि घराघरांवर माशाच्या काट्याच्या आकाराचे अॅल्युमिनियमचे एरिअल दिसे. मनोऱ्याकडे तोंड करून ते उंच नळावर चढवावयाचे आणि मध्ये डोंगर आल्यास नशिबास बोल लावावयाचा, असा तो काळ होता. सह्याद्रीच्या कुशीतील कित्येक गावांना तर मनोरा कधी दिसलाच नाही. जमिनीवरील हे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २०२१-२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र बंद करण्यात आले. तेव्हा घरावर अद्याप उभ्या असलेल्या त्या जुन्या एरिअलच्या काड्या सरळ करीत बसण्यात आता अर्थ उरलेला नाही. त्याचा नळ मात्र उतरवून घ्यावा. तो बारीक असेल तर डिशसाठी वापरू नये, मांडवाला वापरावा.

उपग्रहाद्वारे खेड्यात चित्र पोहोचविण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तो राबविला गेला. महाराष्ट्राचा त्यात समावेश नव्हता. त्या वेळी प्रत्येक खेड्यात सुमारे तीन मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची छत्री उभारावी लागली होती. आज तेच काम ६० सेंटिमीटरच्या पत्र्याच्या डिशवर होते, कारण उपग्रह अधिक शक्तिमान झाले आणि लहरी अधिक आखूड वापरल्या जाऊ लागल्या. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीने मासिक वर्गणीवाचून चालणारी उपग्रह-सेवा सुरू केली. तीच पुढे ‘डीडी फ्री डिश’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सह्याद्री वाहिनी आणि २६ मे २०१५ रोजी सुरू झालेली किसान वाहिनी या दोन्ही तिच्यावर मिळतात. प्रस्तुत लेखातील कोन व वेळा याच सेवेसाठी आहेत. खाजगी सेवांचे उपग्रह निराळे असल्याने त्यांचे आकडे निराळे असतील, परंतु कामाची रीत तीच राहील.

उपग्रह कोठे आहे

ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती फिरते तितक्याच वेळात तोही तिच्याभोवती फिरतो. म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. महाराष्ट्र या रेखांशाच्या पश्चिमेस व विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे आपल्याकडून पाहता तो आग्नेय दिशेस, बराच उंच आढळतो.

नेमके सांगावयाचे तर पुणे व आसपास त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास सुमारे १३२ अंश व क्षितिजापासूनची उंची सुमारे ५९ अंश येते. मुंबई व ठाण्याकडे १३१ अंश व ५७ ते ५८ अंश. कोल्हापूरकडे दिशा थोडी अधिक पूर्वेकडे, म्हणजे १२९ अंशांवर असून उंची ६० अंश आहे. नंदुरबारकडे १३६ व ५७. नागपुरास तो दक्षिणेकडे अधिक झुकलेला, १४४ ते १४५ अंशांवर असून उंची ६० अंश, तर गडचिरोलीस १४५ व ६२ अंश भरतात. मधल्या जिल्ह्यांनी या आकड्यांमधील अंदाज घ्यावा. सुरुवात करण्यास तेवढा पुरेसा आहे.

होकायंत्राच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. पुष्कळ देशांत चुंबकसूचीची उत्तर आणि खरी उत्तर यांत मोठा फरक पडतो. महाराष्ट्रात तो एका अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी असल्याने दुरुस्ती करावी लागत नाही. मात्र लोखंडी पत्र्यावर, डिशच्या नळाशेजारी किंवा खिशात पाना ठेवून सूची पाहू नये. घरापासून दहा-बारा पावले दूर उभे राहून आग्नेयेकडील एखादी ठळक खूण हेरावी, म्हणजे एखादे झाड, देवळाचा कळस, विजेचा खांब. मग छपरावर जाऊन त्या खुणेकडे तोंड करावे. मोबाइलमधील होकायंत्रासही हाच नियम लागू आहे.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. शेजाऱ्याची डिश ज्या बाजूला वळली आहे त्याच बाजूला आपलीही वळवावी, असे अनेकजण करतात. शेजाऱ्याकडे याच सेवेची डिश असेल तर ते ठीकच आहे. पण खाजगी सेवेचे उपग्रह कोणी ८३ अंशांवर, कोणी १०८ अंशांवर असतात. पहिल्याची डिश अधिक दक्षिणेकडे व अधिक वर, दुसऱ्याची अधिक पूर्वेकडे व पुष्कळच खाली पाहत असते. ९५ अंशांवरही एका खाजगी सेवेचा उपग्रह असून तो आपल्या उपग्रहाच्या अगदी लगत पडतो. त्यामुळे चुकून त्याच्यावर डिश लागली, तर बॉक्स ‘सिग्नल आहे’ असे काही वेळा दाखवितो आणि वाहिनी एकही लागत नाही.

डिश कमी उंचीकडे पाहत असल्यासारखी का दिसते

उपग्रह ५९ अंश उंचीवर आहे असे सांगताच शेतकरी डिश पाहून म्हणतो, ‘मग हिचे तोंड इतके खाली का?’ शंका रास्त आहे. घरगुती डिश ही पूर्ण वाटी नसून मोठ्या वाटीच्या एका कडेचा कापलेला भाग असतो. म्हणून तिची उंची रुंदीपेक्षा थोडी अधिक भरते. ६० सेंटिमीटर रुंदीची डिश मोजून पाहिल्यास उंची साधारणपणे ६५ ते ६६ सेंटिमीटर निघेल. अशा डिशवर वरून येणारी लहर पत्र्यावर आदळून खालच्या दांड्यावरील एल.एन.बी.कडे वळते. परिणामी तिचे तोंड ज्या उंचीकडे दिसते त्याहून सुमारे २५ अंश वरच्या बिंदूकडे ती खरोखर पाहत असते. पुण्यास ५९ वजा २५, म्हणजे सुमारे ३४ अंशच ती उभ्या रेषेपासून मागे कललेली दिसेल.

हे मोजण्यास सोपी युक्ती आहे. डिशच्या वरच्या व खालच्या कडेवर एक सरळ पट्टी टेकवावी. कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्यास लहान दगड लटकवावा आणि कोनमापकाची सरळ कड पट्टीस लावावी. दोरा नेहमी ओळंब्यात राहतो. तेव्हा पट्टी आणि दोरा यांमधील कोन हाच डिशचा कल होय. डिशच्या मागील पट्टीवर कारखान्याने अंश कोरलेले असल्यास त्यात ही वजाबाकी बहुधा आधीच केलेली असते, म्हणून तेथे ५९ हाच आकडा धरावा.

आता हा सर्व खटाटोप इतक्या बारकाईने कशासाठी, ते पाहावे. ६० सेंटिमीटरच्या डिशची दृष्टी केवळ तीन अंश रुंद असते. नेमक्या रोखापासून ती दीड अंश ढळली की मिळणारी शक्ती निम्मी होते. दीड अंश म्हणजे डिशची बाहेरची कड किती सरकली? हिशेब केल्यास उत्तर जेमतेम पाऊण सेंटिमीटर येते, म्हणजे करंगळीच्या जाडीहूनही कमी. वाऱ्याने सैल झालेला एक बोल्ट, छपरावर वाळवणासाठी चढलेल्या माणसाचा धक्का, कावळ्यांची किंवा वानराची बैठक, यांपैकी कशानेही एवढा फरक पडू शकतो. उघड्या आभाळात निम्मी शक्तीही बॉक्सला पुरते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असून पावसाचे मोठे थेंब त्यांना अडवितात व शोषून घेतात. जोराच्या सरीत शक्ती आणखी घटली की आधीच निम्मी झालेली शिल्लक संपते.

प्रथम नळ, मग डिश

काम नळापासून सुरू करावे. नळ ओळंब्यात नसेल तर पुढील सर्व मोजमाप वाया जाते, कारण डिश डावी-उजवीकडे फिरविली की तिची उंचीही आपोआप बदलत जाते आणि माणूस गोंधळतो. ओळंबा एकाच बाजूने न लावता एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बाजूंनी लावावा. पाणसळ असल्यास उत्तमच. कौलारू घराच्या वाशास तारेने आवळलेला नळ हा कधीच चालणार नाही. त्यापेक्षा अंगणात किंवा गोठ्याच्या भिंतीस, सिमेंटमध्ये पक्का केलेला हातभर उंचीचा नळ शतपटीने बरा. डिशला उंचीची हौस नसते. जुन्या एरिअलला मनोरा दिसावा म्हणून उंच चढवावे लागे. उपग्रह तर ५९ अंशांवर आहे, तो अंगणातूनही दिसतो. कमी उंचीवर वारा कमी लागतो, दुरुस्तीला शिडी लागत नाही आणि विजेचे भयही तुलनेने कमी राहते. जनावरांचे शिंग आणि मुलांचा चेंडू लागणार नाही एवढेच पाहावे.

अडथळ्याचा हिशेबही याच कोनातून निघतो. आग्नेयेकडील झाड डिशपेक्षा जितके उंच असेल, त्याच्या पाऊणपट अंतर डिश व झाडाच्या जवळच्या फांदीमध्ये असावे. आंबा डिशहून १० मीटर उंच असेल तर साडेसात मीटर अंतर पुरे. खरे तर दोन-तृतीयांशानेही भागते, परंतु झाड वाढणार आहे याचा विचार करावा. पुष्कळदा डिश जानेवारीत बसविली जाते, तेव्हा शेवगा किंवा सुबाभूळ छाटलेली असते आणि श्रावणात तीच फांदी डिशसमोर येते. ओली पाने लहरींना चांगलीच अडवितात. घराची दोष देण्याजोगी एकही वस्तू सापडत नसेल तर आधी समोरचे झाड पाहावे.

सूर्याची साक्ष

वर्षातून दोन वेळा प्रत्यक्ष सूर्यच ही तपासणी फुकट करून देतो. महाराष्ट्रातून पाहता साधारणतः ११ ते १४ मार्च आणि ३० सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर या दिवसांत सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागून जातो. मार्चमध्ये ही वेळ सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, तर ऑक्टोबरच्या सुमारास अकराला पाच-सात मिनिटे कमी असताना येते. त्या क्षणी डिशवर एखाद्या फांदीची, तारेची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल, तर ती वस्तू उपग्रहाच्या वाटेत आहे यात शंका नाही. आणि डिश नेमकी लागलेली असेल, तर पत्र्यावरून उलटणारा प्रकाश एल.एन.बी.च्या तोंडावर एकवटलेला दिसतो. तो बाजूला पडत असेल तर डिश त्या मानाने ढळलेली आहे. डिशकडे पाहताना सूर्याकडे नजर मात्र लावू नये.

याच दिवसांत आणि त्यांच्या मागेपुढे दोन-तीन दिवस, याच वेळी, आभाळ स्वच्छ असूनही काही मिनिटे चित्र तुटते. सूर्याचा स्वतःचा लहरींचा गोंगाट डिशमध्ये शिरतो म्हणून असे होते. हा बिघाड नव्हे. या वेळी पाना हातात घेऊन चांगली लागलेली डिश बिघडवून ठेवणारे लोक पुष्कळ आहेत. कार्यकर्त्यांनी या तारखा चावडीच्या फळ्यावर लिहून ठेवल्यास गावाचे काही पैसे वाचतील. ओघाने आणखी एक गोष्ट: गंजलेल्या डिशला घरच्या गेटचा उरलेला चकचकीत रंग देऊ नये. चकचकीत रंगावरून सूर्याची उष्णताही एल.एन.बी.वर एकवटते आणि तिचे प्लॅस्टिकचे झाकण भाजून निघते. मंद पोताचा रंगच वापरावा.

रोख साधण्याची रीत

दोन माणसे हवीत, एक डिशपाशी व एक संचासमोर. बॉक्सच्या यादीत सिग्नल दाखविणारे पान उघडावे. त्यावर दोन पट्ट्या असतात. एक ‘शक्ती’ची आणि दुसरी ‘गुणवत्ते’ची. नवशिका माणूस शक्तीच्या पट्टीकडे पाहतो आणि फसतो. शक्तीची पट्टी डिश रिकाम्या आकाशाकडे वळविली तरी बरीच भरलेली राहते, कारण एल.एन.बी.चा स्वतःचा आवाजही तीत मोजला जातो. पाहावयाची ती गुणवत्तेचीच पट्टी.

प्रथम कल ठरलेल्या अंशावर बांधून घ्यावा आणि डिश नियोजित दिशेच्या थोडी पूर्वेकडे वळवावी. मग एकेक बोट दक्षिणेकडे सरकवीत, प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद थांबत जावे. हे थांबणे फार महत्त्वाचे आहे. उपग्रह सापडला तरी बॉक्सला तो ओळखण्यास वेळ लागतो. घाईने डिश फिरविणारा माणूस तीन वेळा उपग्रहावरून पुढे निघून जातो आणि मग एल.एन.बी. जळाली असे ठरवितो. संपूर्ण फेरी रिकामी गेल्यास कल दोन अंशांनी वाढवून व नंतर कमी करून पुन्हा फेरी घ्यावी.

चित्र मिळाले की सामान्यतः बोल्ट आवळले जातात आणि चहा होतो. खरे काम येथून पुढे आहे. गुणवत्तेची पट्टी वरच्या टोकाला सपाट होते. म्हणजे नेमका रोख व थोडा चुकलेला रोख यांत ती फरक दाखवीत नाही. यावर उपाय असा की डिश पूर्वेकडे इतकी सरकवावी की गुणवत्ता एकदम पडेल आणि नळावर खडूने खूण करावी. मग पश्चिमेकडे सरकवून दुसऱ्या बाजूस ती जेथे पडेल तेथे दुसरी खूण करावी. या दोन खुणांचा मध्य हाच खरा रोख. कलाच्या बाबतीतही वर-खाली अशाच दोन खुणा करून मध्य साधावा.

याहून बारीक काम करावयाचे असल्यास एल.एन.बी.च्या तोंडावर ओला पंचा पसरावा. पाण्याने लहरी अडविल्या जातात आणि भर उन्हात पावसाची स्थिती उत्पन्न होते. गुणवत्ता पुष्कळ खाली येते. आता केसभर फरकही पट्टीवर दिसू लागतो. चित्र पूर्णपणे गेल्यास पंचा पिळून घ्यावा किंवा एकच पदर ठेवावा. ओल्या पंच्यासह ज्या ठिकाणी गुणवत्ता सर्वांत अधिक असेल, ते स्थान पावसाळ्यासाठी उत्तम होय.

शेवटी एल.एन.बी. तिच्या कड्यामध्ये थोडी डावी-उजवीकडे फिरवून पाहावी. उपग्रहावरून लहरी विशिष्ट आडव्या-उभ्या पातळीत येतात. आपण उपग्रहाच्या रेखांशापासून पुष्कळ पश्चिमेस असल्यामुळे ती पातळी आपल्याकडे कललेली पोहोचते. एल.एन.बी. त्या कलाशी जुळेल अशी वळली पाहिजे. ही गोष्ट बहुतेक घरी केलीच जात नाही. नंतर बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर डिश त्या बाजूस ओढली जाते. आवळून झाल्यावर गुणवत्ता पुन्हा तपासावी.

केबल, सांधे व पाणी

रोख उत्तम असूनही चित्र न सुधारल्यास दोष प्रायः केबलमध्ये असतो. एल.एन.बी.ला लागणारी वीज बॉक्समधून याच केबलने वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. सांध्यात पाणी शिरले की तांब्याची तार हिरवी पडते, वीज गळते आणि पावसात आधी काही वाहिन्या, मग सर्व वाहिन्या जातात. एकाच गटातील वाहिन्या जात असतील आणि इतर चालू असतील, तर हा संशय प्रथम घ्यावा. सांधा उघडून तार काळी-हिरवी दिसल्यास तेवढा तुकडा कापून नवा सांधा करावा. तार खरवडून पुन्हा तोच वापरू नये. केबलला मध्येच दोन तुकडे पिळून जोडण्याची व वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत तर सर्वस्वी त्याज्य समजावी.

एल.एन.बी.च्या खाली केबलला एक लोंबता वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळातून ठिबकेल, सांध्यात जाणार नाही. घरात शिरण्यापूर्वीही असाच वळसा असावा. सांध्यावर रबरी ताणपट्टी खालून वर गुंडाळत न्यावी. कौलाप्रमाणे वरचा पदर खालच्यावर आला पाहिजे. काही ठिकाणी एल.एन.बी.वर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. ती उन्हाने फाटते, आत वाफ धरते आणि थेंब तोंडावर राहतात. न बांधलेली बरी.

डिश वाकडी झाली आहे काय हे पाहण्यासाठी कडेवर दोन दोरे, एक उभा व एक आडवा, ताणून बांधावेत. ते मध्यावर एकमेकांस अलगद टेकले तर पत्रा सरळ आहे. त्यांत अंतर राहिले किंवा एकाने दुसऱ्यास दाबले, तर डिशला पीळ बसला आहे. असा पीळ हातानेही थोडाफार निघतो. बारीकशा पोच्याची फार चिंता करू नये. कोकणात व घाटमाथ्यावर, जेथे सरी दिवसचे दिवस धरतात, तेथे ९० सेंटिमीटरची डिश घेणे शहाणपणाचे ठरेल. तिचे क्षेत्र ६० च्या सव्वादोन पट असते. पण तिची दृष्टी अधिक अरुंद, म्हणून तिचा रोख अधिक काळजीने साधावा लागतो. वारा तिला अधिक धरतो, हेही लक्षात ठेवून नळ जाड घ्यावा.

काही तक्रारींचा डिशशी संबंधच नसतो. या सेवेत वाहिन्यांच्या जागा वेळोवेळी बदलतात. एखादी वाहिनी अचानक नाहीशी झाल्यास आधी बॉक्सवर वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा. काही वाहिन्या केवळ नव्या पद्धतीच्या बॉक्सवरच दिसतात. जुन्या बॉक्सवर डिश कितीही फिरविली तरी त्या येणार नाहीत. खाजगी सेवेची जुनी एल.एन.बी. बसविली असेल तर तीही तपासावी. या सेवेस ‘युनिव्हर्सल’ प्रकारचीच लागते.

जिवाची काळजी

या कामात चित्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट माणसाचा जीव ही आहे. लोखंडी नळ उभा करताना तो वरून जाणाऱ्या विजेच्या तारेस लागून माणसे दगावतात. नळ उचलण्यापूर्वी वर पाहावे. नळ पडला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही एवढी दूर जागा निवडावी. तार जवळ असेल तर तेथे डिश लावूच नये, मग दुसरीकडून केबल कितीही लांब आणावी लागो. सिमेंटच्या पत्र्यावर चढावयाचेच झाल्यास खिळ्यांच्या ओळीवर फळी टाकून तिच्यावरच पाय द्यावा. जुने पत्रे माणसाचा भार घेत नाहीत. पावसात, ओल्या छपरावर, किंवा अंधार पडल्यावर हे काम करू नये. मालिका बुडते म्हणून रात्री शिडी लावणाऱ्या मुलास घरच्या वडील माणसानेच अडवावे.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल ते जून व पुन्हा परतीच्या पावसात, गडगडाट ऐकू येताच संचाची व बॉक्सची पिन भिंतीतून काढावी आणि डिशची केबलही बॉक्सपासून सोडवून ठेवावी. वीज दूर कोठे पडली तरी केबलमधून उसळी येऊन बॉक्स निकामी होतो. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र केबलला हात लावू नये. नळ तांब्याच्या जाड तारेने जमिनीत पुरलेल्या भूयोजनाशी जोडावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरील साधन आसपासच्या विजांची सूचना देते. ते घरात कोणाच्या तरी फोनवर असावे.

नोंद ठेवणे

सर्व काम झाल्यावर नळावर व डिशच्या मागील पट्टीवर तेलरंगाने बारीक रेघा ओढाव्यात, अशा की रेघेचा अर्धा भाग स्थिर नळावर व अर्धा फिरत्या कड्यावर येईल. वाऱ्याने डिश सरकल्यास रेघ तुटलेली दिसते आणि पाच मिनिटांत ती पूर्ववत करता येते. पुन्हा होकायंत्र काढावे लागत नाही. संचाच्या मागील भिंतीवर, किंवा बॉक्सच्या तळाशी कागद चिकटवून त्यावर तारीख आणि उघड्या आभाळातील गुणवत्तेचा आकडा लिहावा. मिरगापूर्वी व दसऱ्यानंतर एकदा तोच आकडा पुन्हा पाहावा. तो पाच-सात अंकांनी उतरला असेल तर प्रथम रेघ, मग आग्नेयेची फांदी, मग एल.एन.बी.खालचा सांधा, या क्रमाने तपासावे.